सरहद्दीवरचा दूधसागर

वाचकहो, हे पान मी बंगळूर शहराच्या आग्नेयेस, सर्जापूर रोडवरील एका सदनिकेत बसून लिहीत आहे. आमच्या वसाहतीत पाणी नळाने येते हे खरे. पण त्या नळामागे टाकी आहे, टाकीमागे टँकर आहे आणि टँकरमागे कुठल्या तरी शेतातील खोल विंधणविहीर आहे. पहाटे पहिला टँकर फाटकाशी येतो आणि त्याच्या पंपाच्या घरघरीनेच आमचा दिवस उजाडतो. 2024 च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची टंचाई झाली, तेव्हा तर ‘आज किती टँकर आले?’ हाच शेजाऱ्यापाजाऱ्यांचा क्षेमकुशलाचा प्रश्न होऊन बसला होता. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसास, कुणीही न मोजलेले पाणी उंचावरून कोसळताना पाहण्याची ओढ लागली, तर त्यात नवल ते काय?

परंतु दूधसागरास जाण्याचे खरे निमित्त टंचाई नव्हते. निमित्त झाल्या आमच्या आजेसासूबाई. आजींचे वय 82. जन्म बेळगावचा, आजोळ गोव्यातील सावर्डे गावी. गुडघे आता साथ देत नाहीत, पण स्मरण लख्ख आहे. एके संध्याकाळी आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव शाळेचा नकाशा रंगवीत बसले होते. त्यांनी गोव्याभोवती राज्यांची सीमा दाखविणारी बारीक तुटक रेघ ओढली. आजींनी चष्मा पुसून ती पाहिली आणि म्हणाल्या, “ही रेघ जाड काढ रे. ती देशाची सरहद्द आहे.” मुलगा हसला. मीही हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, “आगगाडीतून दूधसागर मी शेवटचा पाहिला तेव्हा बारा वर्षांची होते. पुन्हा एकदा दाखवशील?”

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात गोवा म्हणजे समुद्रकिनारा. त्या प्रदेशाची पूर्वेकडील कड सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेली आहे आणि त्या माथ्यावरून उतरणारे पाणी म्हणजे दूधसागर, हे चटकन ध्यानात येत नाही. तसेच ‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. पण तो किनाऱ्याकडील जुन्या मुलखापुरताच खरा. घाटाखालचा हा भाग सोंदे संस्थानाकडून पोर्तुगिजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणूनच त्याला ‘नव्या काबिजादी’ म्हणत. तेव्हापासून 19 डिसेंबर 1961 पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून थोडा कमी काळ, धबधब्याच्या वरचा डोंगरमाथा ही दोन राजसत्तांमधील हद्द होती. वर आधी इतर राज्ये, मग इंग्रज, नंतर स्वतंत्र भारत. खाली लिस्बनचा अंमल. पाणी वरून खाली जात होते. माणसाला मात्र परवानगी लागत होती.

जगातील प्रसिद्ध धबधबे पाहू गेल्यास त्यांतले कितीतरी सरहद्दीवरच सापडतात. नायगारा अमेरिका व कॅनडा यांच्यामध्ये, इग्वासू ब्राझील व अर्जेंटिना यांच्यामध्ये, व्हिक्टोरिया झांबिया व झिंबाब्वे यांच्यामध्ये. याचे कारण उघड आहे. नदी ही राज्यकर्त्यांना आयती मिळालेली रेघ असते आणि ती रेघ जिथे कड्यावरून उडी घेते तिथे धबधबाही दोघांच्या वाट्याला येतो. दूधसागराची गोष्ट निराळी. इथे नदी सरहद्द नव्हती. सरहद्द डोंगराच्या धारेवरून गेली होती आणि नदी ती ओलांडीत होती.

दूधसागराची उंची 310 मीटर, म्हणजे हजार फुटांहून थोडी अधिक. आणि ती एका झेपेत नव्हे, चार टप्प्यांत. व्हिक्टोरिया सुमारे 108 मीटर आहे आणि नायगारा तर साठ मीटरही नाही. मुलाने हे आकडे ऐकताच “म्हणजे आपलाच मोठा!” असा निकाल दिला. त्याला सांगावे लागले की, नायगाऱ्यात पडणारे पाणी बाराही महिने एका महानदीचे असते. आपल्या दूधसागराचा थाट पावसाळ्याचा, वैशाखात त्याच्या काही धारा उरतात. उंचीवरून मोठेपण ठरवू लागलो तर घरोघरी पंचाईत होईल.

या धबधब्यासमोरून रेल्वे कशी गेली, ही कथा मला पाण्याइतकीच मनोरम वाटते. 26 डिसेंबर 1878 रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात एक तह झाला. त्यात मुरगावचे बंदर आणि तेथून इंग्रजी मुलखाला जोडणारा लोहमार्ग बांधण्याचे ठरले. दोन्ही मुलखांमधील जकात उठवावी असेही ठरले. बदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रज सरकारचा ताबा आला आणि पोर्तुगीज सरकारला सालिना 4 लाख रुपये मिळू लागले. किनाऱ्यावर राहून मीठ पिकविणाऱ्या गोवेकरांना हा सौदा मुळीच मानवला नाही. इकडे घाटात बोगदे खोदले जात होते, दऱ्यांवर पूल चढत होते. 1888 मध्ये मार्ग सरहद्दीपर्यंत पुरा झाला आणि कॅसलरॉक येथे इंग्रजी रेल्वेला मिळाला. गंमत पाहा: ज्या तहाच्या पोटी ही रेल्वे जन्मली तो तह 1892 मध्येच संपुष्टात आला. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. रेल्वे मात्र तशीच धावत राहिली. कॅसलरॉक हे इकडचे शेवटचे ठाणे झाले, कुळे हे तिकडचे पहिले. आणि दोहोंच्या मध्ये सव्वीस किलोमीटरांचा घाट, त्यात करंझोळ, दूधसागर, सोनावली ही लहानगी स्थानके.

या दोन ठाण्यांवर प्रवाशांचे सामान उघडून पाहिले जाई. आजी सांगतात, कॅसलरॉकला त्यांची आई पेटीचे कुलूप आधीच काढून ठेवी, म्हणजे अंमलदाराला वाट पाहावी लागू नये. नवी साडी न्यायची झाली तर ती एकदा नेसून, धुऊन, घडी मोडूनच न्यायची. “आणि कॅसलरॉक सुटले की कुळे येईपर्यंत आपण कोणाचेच नसतो, असे आम्ही मुले म्हणायचो,” आजी म्हणाल्या. भूगोलाच्या दृष्टीने हे चूक आहे. हद्द कॅसलरॉकच्या जरा खालीच लागे आणि दूधसागर पुरता पोर्तुगीज हद्दीत होता. पण मुलांच्या त्या समजुतीला मी दुरुस्ती सुचवली नाही. घाट उतरणारी गाडी संथ चाले, आई-वडिलांचा जीव पुढच्या तपासणीकडे लागलेला असे, आणि मुले मोकळी असत. तेवढ्यात तो दिसे.

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला इथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. माणसांच्या पेट्या उघडल्या जात होत्या, पण शब्दांना कुणी अडवले नाही. आपण रोज चावी फिरवतो, बादली भरतो, बटाट्याची भाजी करतो, पगाराची वाट पाहतो, कुणाची वस्तू लिलावात निघाली म्हणून हळहळतो. हे सारे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले. तुरुंगही तिकडचाच. त्या शब्दाचा अनुभव मात्र पुष्कळ मराठी माणसांनी गोव्यातच घेतला.

18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली, हे आपण वाचले असेल. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा त्यांना पकडण्यात आले ते याच घाटाच्या पायथ्याशी, कुळे स्थानकावर. आणि तेथून त्यांची रवानगी आग्वादच्या किल्ल्यात झाली. पुढे 18 मे 1955 रोजी सेनापती बापट व नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात गेली. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला ठिकठिकाणांहून हजारो सत्याग्रही सरहद्द ओलांडू लागले. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली. रेल्वेचे दळणवळणही खंडित झाले.

आजींच्या घरी याचा अर्थ असा झाला की, मे महिन्याची सुट्टी सावर्ड्याला काढून परत आलेली मुलगी पुढच्या मे महिन्यात गेली नाही. त्यापुढच्याही नाही. बेळगावहून सावर्डे हे काही फार दूर नाही. एका दिवसाचा निवांत प्रवास. 1958 मध्ये आजींची आजी तिकडे वारली. निरोप कुणाकुणाकडून फिरत बेळगावी पोहोचला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आजींच्या आईने विहिरीवर स्नान केले आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. “आई रडली नाही,” आजी म्हणाल्या. “ती फक्त म्हणाली, पाणी जाते, मी जाऊ शकत नाही.” 

आम्ही ऑक्टोबरात गेलो. यशवंतपूरहून वास्कोस जाणारी गाडी दुपारी निघते आणि घाट उतरते ती रात्रीच्या अंधारात, हे मला ठाऊक होते. परतीचा प्रवास म्हणून मी मुद्दाम दिवसाच्या गाडीने आखला होता. (सर्जापूर रोडवरून यशवंतपूर गाठणे हाच एक स्वतंत्र प्रवास आहे, त्याचे वर्णन करून आपला अंत पाहत नाही.) तरी आजी जाग्या राहिल्या. कॅसलरॉक सुटल्यावर त्यांनी मला हलवून उठवले. बाहेर काहीही दिसत नव्हते. बोगद्याचा काळोख आणि रानाचा काळोख यांत फरक तेवढा आवाजाचा. मग एका ठिकाणी चाकांच्या आवाजाखालून दुसरा एक आवाज वर आला, डब्यात एकाएकी गारवा शिरला आणि खिडकीच्या गजांवर ओलावा चढला. आजींनी गजावरून बोट फिरवले. बोलल्या काहीच नाहीत.

सावर्ड्याला त्यांच्या मामेभावाचे कुटुंब आहे. आजींना तिथे सोडून आम्ही तिघे दुसऱ्या दिवशी कुळ्यास गेलो. धबधब्याच्या पायथ्याशी जाण्याचा राजमार्ग असा: कुळ्याहून जीपगाडी घ्यावयाची आणि भगवान महावीर अभयारण्यातून दहा-बारा किलोमीटर रानवाट तुडवावयाची. पावसाळ्यात ही वाट बंद असते. ओढे उतरले की साधारणपणे ऑक्टोबरात ती उघडते. जीप दोनदा-तीनदा थेट पाण्यात उतरते, तेव्हा लहान मुलांना जो आनंद होतो तो मोठ्यांनी चेहऱ्यावर न दाखवता भोगावा. शेवटचा तुकडा दगडधोंड्यांतून पायी चालावा लागतो. तरंगते जाकीट प्रत्येकास घालावे लागते. ते अंगाला घट्ट होते म्हणून काढून हातात घेणाऱ्या हौशी मंडळींत आपण सामील होऊ नये. डोह दिसतो त्याहून खोल आहे. खाण्याचे पदार्थ पिशवीत बंद ठेवावेत, कारण तेथील माकडे आपल्याहून चपळ आहेत.

पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तर धबधबा पूर्ण दिसत नाही. मधल्या टप्प्यावरून रेल्वेचा पूल गेलेला दिसतो, त्याच्या वर पाणी, खाली पाणी. आम्ही उभे असतानाच एक मालगाडी पुलावरून गेली. हजार फुटांच्या त्या शुभ्र पडद्यावर ती एखाद्या घोणीसारखी सरकत होती.

याला दूधसागर का म्हणतात, याची दंतकथा आपणांस ठाऊक असेल. एक राजकन्या डोंगरातील तळ्यात स्नान करी आणि नंतर सोन्याच्या झारीतून साखर घातलेले दूध पिई. एके दिवशी झाडीतून कुणी राजपुत्र पाहत आहे असे दिसताच सख्यांनी ते दूध तिच्यापुढे ओतले. दुधाच्या पडद्याआड तिने वस्त्रे सावरली. ती कथा सांगून झाल्यावर चिरंजीवांनी विचारले, “पण पाणी तर रंगहीन असते, मग हे पांढरे का?” प्रश्न चांगला आहे. पाणी उंचावरून पडताना त्याचे असंख्य थेंब होतात आणि त्यात हवा कालवली जाते. प्रत्येक थेंबाच्या, प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश उधळला जातो. सर्व रंगांचा सारखाच उधळला गेल्यामुळे डोळ्याला पांढरेपणा तेवढा दिसतो. आणि दूध पांढरे दिसते तेही जवळजवळ याच कारणाने. त्यातील स्निग्धांशाचे आणि प्रथिनांचे सूक्ष्म कण प्रकाशाला असेच उधळून लावतात. म्हणजे ज्या कुणी या धबधब्याला पहिल्यांदा दूध म्हटले, त्याने पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही चुकीचे काही म्हटले नाही.

पूर्वी पुष्कळ तरुण मंडळी रुळांवरून चालत वरच्या बाजूने धबधब्याशी जात. आता त्यास सक्त मनाई आहे. 2023 च्या जुलैत मनाई मोडून गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी रुळांशेजारीच उठाबशा काढावयास लावल्याचे वृत्त सर्वत्र झळकले होते. शिक्षेची ती पद्धत योग्य की अयोग्य, यावर आमच्या घरी दोन तट पडले. पण बोगद्यात समोरून गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही.

या रुळांशेजारी दुसरी जोडी टाकण्याचा बेत होता. त्यासाठी मोले राष्ट्रीय उद्यानातील जंगल तोडावे लागणार म्हणून 2020 पासून गोव्यात मोठी चळवळ झाली आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घाटमार्गाच्या दुहेरीकरणास वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. पाण्याचा तंटा तर याहून जुना. दूधसागर नदी खांडेपारला मिळते, खांडेपार मांडवीला. आणि मांडवीचा मूळ प्रवाह, ज्याला वर म्हादई म्हणतात, तो उगम पावतो खानापूर तालुक्यातील आपल्या मराठी वस्तीच्या रानात. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या या वादासाठी 2010 मध्ये लवाद नेमला गेला. ऑगस्ट 2018 मध्ये त्याने निवाडा दिला: कर्नाटकास 13.42, गोव्यास 24 आणि महाराष्ट्रास 1.33 अब्ज घनफूट पाणी. निवाड्याने कुणाचेच समाधान झाले नाही. अमेरिका व कॅनडा यांनी 1950 मध्ये तह करून नायगाऱ्यावरून प्रवासी हंगामात दिवसा दर सेकंदाला किमान 1 लाख घनफूट आणि एरवी 50 हजार घनफूट पाणी वाहू द्यावे असे ठरवले. बाकीचे वीज करण्यासाठी. दोन देशांना जे बसून ठरवता आले, ते एकाच देशातील तीन राज्यांना इतके जड का जावे, हे मला उमगत नाही. अर्थात सर्जापूर रोडवर टँकरचे पाणी पिऊन हे लिहिणे सोपे आहे, याचीही मला जाणीव आहे.

परतीच्या दिवशी मडगावहून दुपारच्या गोवा एक्सप्रेसने निघालो; बेळगावला आजींच्या भाच्याकडे मुक्काम होता. कुळ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडली गेली. 37 फुटांत एक फूट असा हा चढ आहे. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. गाडी रानात शिरली. डब्यातील सारी माणसे एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे धावू लागली, कारण वळणावळणाच्या घाटात धबधबा कधी या बाजूला येई, कधी त्या. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. पूल आला तेव्हा तुषार थेट आत आले. मुलगा ओरडला, “पणजी, बघ!” त्या पाहतच होत्या. पूल ओलांडायला किती क्षण लागले ते मी मोजले नाही. मग बोगदा आला.

नंतर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत घरात कुणी ऐकली नव्हती. गोवा मुक्त झाल्यावर 1962 च्या आरंभी त्यांची आई मोटारने, अनमोडचा घाट उतरून, सावर्ड्याला निघाली. बरोबर एकोणीस वर्षांच्या आजी होत्या. मोल्याचा जुना नाका जवळ येऊ लागला तशी आईने पिशवी मांडीवर घेतली, तिची नाडी सोडली आणि आतली लुगडी दोन्ही हातांनी उचलून, अंमलदाराला दिसतील अशी धरून ती बसून राहिली. नाका आला. मोटार थांबलीच नाही. पुढचा कितीतरी रस्ता आई तशीच, लुगडी हातात धरून बसली होती.

कॅसलरॉकला गाडी थांबली. मागची इंजिने सोडवण्यात आली. आम्ही चहा घेतला. फलाटावर एक कुत्रे, दोन हमाल आणि गाडीतून उतरून छायाचित्रे काढणारी मुले, एवढीच वर्दळ होती. मुलाने विचारले, “सरहद्द कुठे होती, पणजी?” आजींनी खिडकीतून मागे पाहिले, फलाटाच्या टोकाकडे, जिथे रूळ पुन्हा झाडीत शिरत होते, आणि म्हणाल्या, “तिथे खाली. आता चहा थंड होईल, तो पी.”